खुंटीवरची माळ, गळ्यातली माळ

आमच्या ओळखीचे एक गृहस्थ रविवारी मटणाचा बेत असला की तुळशीची माळ काढून खुंटीला अडकवतात. जेवून, हात धुऊन पुन्हा गळ्यात. विठोबाला बहुधा खुंटीपर्यंतच दिसत असावं! त्यांचा सगळा भरवसा मण्यांवर: माळ आहे ना, मग गाडीला काही होणार नाही, कोर्टातला दावाही आपल्याच बाजूने लागणार.

शेजारच्या आजींच्याही गळ्यात माळच. दोरा दोनदा ओवून घेतलेला, मणी झिजून गुळगुळीत. पण ती त्यांची राखण करत नाही, आठवण करून देते. भाजीवाल्याने चुकून दहा रुपये जास्त दिले, तर चपला घालून परत निघतात. यंदा गुडघ्यांपायी वारी चुकली, "तो कुठे पळून चाललाय?" म्हणत हरिपाठ मात्र चालूच.

नुसत्या खुणांवरच जायचं, तर चोखोबांना देवळाबाहेर ठेवणाऱ्यांकडे गंध होतं, सोवळंही होतं. पंढरपूरचं देऊळ दलितांना खुलं व्हायला १९४७ साल उजाडलं, तेही साने गुरुजी उपोषणाला बसले तेव्हा. चोखोबांची समाधी नामदेव पायरीसमोरच आहे. आत जाण्याआधी पुष्कळ वारकरी तिथे वाकतात.