कंदिलांची मोजणी: क्रम धरून की क्रम सोडून?

गिरगावातल्या एखाद्या चाळीचे तीन मजले आणि प्रत्येक मजल्यावरच्या तीन खोल्या, अशी नऊ घरांची चौकट घ्या. त्यांपैकी कोणत्याही तीन खोल्यांसमोर यदृच्छेने एकेक आकाशकंदील लावला, तर दोन कंदील एकाच मजल्यावर किंवा एकाच उभ्या रांगेत न येण्याची संभाव्यता किती?

क्रम सोडून, म्हणजे कोणता कंदील आधी लागला हे न पाहता, मोजल्यास एकूण निष्पत्ती (शक्य मांडण्या) 84 आणि अनुकूल 6, म्हणजे 1/14. क्रम धरल्यास एकूण 9×8×7 = 504 आणि अनुकूल 9×4×1 = 36; उत्तर तेच. मला दुसरी रीत अधिक भावते, कारण पहिला कंदील लागताच दुसऱ्यासाठी आठांपैकी चार आणि तिसऱ्यासाठी सातांपैकी एकच जागा उरते, हे डोळ्यांना दिसते. मात्र अंशात 6 आणि छेदात 504 अशी सरमिसळ झाली, की उत्तर सहापटीने घसरते. परीक्षेत नेमके हेच घडते.

एका खोलीसमोर कितीही कंदील चालत असतील आणि प्रत्येकाची जागा स्वतंत्रपणे ठरत असेल, तर क्रम सोडून मिळणाऱ्या 165 निष्पत्ती समसंभाव्य (सारख्याच शक्यतेच्या) राहत नाहीत: तिन्ही कंदील एकाच ठराविक खोलीसमोर येण्याचा प्रकार क्रम धरून होणाऱ्या 9×9×9 = 729 पैकी एकदाच, तर तीन ठराविक वेगळ्या खोल्यांचा सहा वेळा येतो. तिथे क्रम धरावाच लागतो.