सोलाणं: पातळ दांड्याचं घ्यावं की जाड मुठीचं?

पात्याचा प्रश्न बाजूला ठेवू. चांगलं हलतं पातं दोन्ही प्रकारांत मिळतं, आणि नवं असेपर्यंत साल सारखीच निघते. फरक आहे तो आपण धरतो त्या टोकाला.

माझ्याकडे कित्येक वर्षं पत्र्याच्या गोल दांड्याचं सोलाणं होतं. वजनाला हलकं, खणात कुठेही मावणारं, धुतलं की लगेच कोरडं. एखाददुसरं गाजर सोलायचं असेल तर आजही त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण पहिल्या दोन बटाट्यांतच हात ओला आणि बुळबुळीत होतो, आणि तो दांडा मुठीत फिरायला लागतो. अगदी थोडा, पण पातं कलतं आणि साल मधेच तुटते. मग तो फिरू नये म्हणून मूठ आवळायची, अंगठा दाबून धरायचा. दहा-बारा बटाटे झाले की माझ्या अंगठ्याच्या बुडाशी कळ यायची. एकदा बोटही कापलं, पण सोलाणं बदललं ते या रोजच्या आवळण्यामुळे.

जाड रबरी मुठीची कल्पना अशाच त्रासातून रुजली. अमेरिकी उद्योजक सॅम फार्बर यांच्या पत्नी बेट्सी यांच्या हातांना संधिवात होता, साध्या सोलाण्याने त्यांचे हात दुखायचे. त्यातून १९९० साली फार्बर यांच्या ऑक्सो कंपनीची ‘गुड ग्रिप्स’ ही भांडी-अवजारं बाजारात आली. मूठ गोल नाही, लंबगोल आहे. त्यामुळे ओल्या हातातही ती सहसा फिरत नाही. अंगठा आणि तर्जनी टेकतात तिथे रबराच्या बारीक पाकळ्या आहेत. दाबलं की त्या वाकतात आणि बोट तिथेच बसतं. जाड असल्यामुळे मूठ पूर्ण मिटावी लागत नाही, आणि माझ्या मते खरा आराम तिथेच आहे.

उणिवा आहेतच. खणात जागा जास्त लागते, आणि पाकळ्यांच्या फटींत घाण बसते, ती ब्रशने काढावी लागते. भोपळ्यासारखं मोठं काही सोलायचं तर मला इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचं जास्त सोयीचं वाटतं. स्वित्झर्लंडच्या ‘रेक्स’ या अशाच आकाराच्या सोलाण्याचं पेटंट १९४७ सालचं, आणि तो आकार आजही तसाच टिकून आहे, यातच सगळं आलं.

ज्यांचे हात धडधाकट आहेत आणि सोलणं थोडंच असतं, त्यांना पातळ दांडा पुरेल, त्यांनी उगाच बदलू नये. पण बोटं आखडणारं कुणी घरात सोलायला बसत असेल, तर मी जाड मुठीचंच घ्या म्हणेन. आई पूर्वी मधे दोन-तीनदा सोलाणं खाली ठेवून बोटं मोकळी करायची. आता सगळे बटाटे सोलून झाले की मगच ठेवते.