दर्जांकित जी. आय. जो : ८० गुणांचा अर्थ

अ‍ॅक्शन फिगर ऑथॉरिटी, म्हणजेच ए. एफ. ए., या खेळण्यांची स्थिती तपासून गुण देणाऱ्या अमेरिकी संस्थेने दर्जा ठरवलेली एक जुनी जी. आय. जो, म्हणजे खेळण्यातली सैनिकाची छोटी बाहुली, नुकतीच इंदूरच्या रामबागेतील आमच्या घरी आली. हॅसब्रो या अमेरिकी खेळणी कंपनीने १९८२ मध्ये पावणेचार इंची रूपात आणलेल्या मालिकेतील हा नग मी भिंगाखाली वारंवार पाहिला आणि त्याला मिळालेले १०० पैकी ८० गुण मला रास्त वाटले.

एकंदर गुणांखेरीज वेष्टनाचा पुठ्ठा, त्यावर चिकटवलेला प्लॅस्टिकचा पारदर्शक फुगा आणि त्याच्या आतली फिगर, म्हणजे बाहुली, यांचे गुण लेबलवर स्वतंत्रपणे छापलेले असतात, आणि खरी पारख तिथेच कळते. माझ्या नगात फिगरला ९०, पुठ्ठ्याला ८०, तर फुग्याला ७५ गुण आहेत. फुग्याच्या उजव्या कोपऱ्यात नखाएवढी चेप असून कडांवर फिक्या चहासारखी पिवळट छटा उतरली आहे, तर पुठ्ठ्याच्या टांगायच्या भोकाजवळ एक पांढरी सुरकुती आहे. लहानपणी फनस्कूल या भारतीय कंपनीची जी. आय. जो हातात पडताच आम्ही पुठ्ठा फाडत असू, म्हणूनच असा बंद नग पाहून मन हरखते.

आकड्यांवरून दोष नेमका कुठे आहे हे समजत नाही, तेव्हा खरेदीपूर्वी विक्रेत्याकडून चारही कोपऱ्यांची जवळून काढलेली छायाचित्रे अवश्य मागवावीत. हा नग ज्यात आहे ती अ‍ॅक्रिलिकची सीलबंद पेटी भक्कम आहे. तरीही इंदूरच्या मे महिन्यातील उन्हापासून ती दूर ठेवावी, म्हणून मी खिडकीसमोरचे कपाट सोडून आतल्या खोलीतील फडताळ निवडले.