घरपोच थायरॉइड तपासणी: सुईला पैकीच्या पैकी, रिपोर्ट काठावर पास

घरी येऊन रक्त नेणाऱ्या एका लॅबकडून थायरॉइडचं पॅकेज करून घेतलं. नाव मुद्दाम लिहीत नाही.

आधी चांगलं सांगते. रक्त घ्यायला आलेला मुलगा वेळेवर आला, सुईचं सील माझ्यासमोर फोडलं, शीर पहिल्या झटक्यात सापडली आणि नळीवर नाव-वेळही तिथेच लिहिली. हातावर साधा काळा-निळा डाग उठला नाही. पण कुठली औषधं चालू आहेत, हे काही त्याने विचारलं नाही. केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेणाऱ्या बायका काय कमी आहेत? बऱ्याच यंत्रांवर बायोटिनमुळे टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं मेंदूकडचं संप्रेरक) उगाच कमी आणि टी-फोर (थायरॉइड स्वतः बनवते ते संप्रेरक) उगाच जास्त दिसतो. निदान दोन दिवस आधी गोळी बंद ठेवा, एवढं बुकिंगच्या मेसेजमध्ये लिहायला काय हरकत होती?

संध्याकाळी मोबाइलवर रिपोर्ट. टीएसएच ६.८, लालभडक, शेजारी वर जाणारा बाण. त्याखाली जाड अक्षरांत हृदयविकार, कोलेस्टेरॉल, वंध्यत्व, नैराश्य अशी सगळी वरात. दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन: ‘मॅडम, तुमचा थायरॉइड वाढलाय, आमच्या डॉक्टरांचं पॅकेज घेता का?’ अहो, थायरॉइड वाढलेला नाही, मंदावलाय! टीएसएच वाढला की ग्रंथी सुस्त, एवढं तरी फोन करणाऱ्याला शिकवून ठेवा.

आणि गंमत म्हणजे पॅकेजमध्ये टी-थ्री (थायरॉइडचंच दुसरं संप्रेरक), टी-फोर होते ते टोटल, म्हणजे रक्तातले एकूण. खरा निकाल ज्यावर लागतो तो फ्री, म्हणजे रक्तात मोकळा फिरणारा टी-फोर नव्हताच. टीएसएच जास्त पण फ्री टी-फोर नॉर्मल, तरच त्याला सबक्लिनिकल म्हणजे सौम्य म्हणायचं. माझ्या डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि दोन महिन्यांनी, सकाळी त्याच वेळेला, टीएसएच, फ्री टी-फोर आणि अँटी-टीपीओ (शरीर स्वतःच्याच थायरॉइडविरुद्ध बनवतं त्या अँटीबॉडीची तपासणी) करायला सांगितलं. आजारातून उठल्यावर टीएसएच काही काळ चढा राहतो, कधी आपोआप उतरतो. शिवाय पहाटे जास्त, दुपारी कमी असतो. मग एका आकड्यावर जन्मभराची थायरॉइडची गोळी कशी सुरू करणार?

धोका खोटा आहे असं नाही. पण तो आकड्यागणिक बदलतो आणि रिपोर्टमध्ये नेमकं तेच गाळलंय. २०१० साली पन्नास हजारांहून जास्त लोकांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा टीएसएच १० च्या वर गेलेल्यांत हृदयविकार स्पष्ट वाढलेला दिसला. साडेचार ते सातच्या टप्प्यात तो वाढलेला नव्हता. २०१७ च्या एका चाचणीत थायरॉइड असा सौम्य मंदावलेल्या, पासष्टी ओलांडलेल्यांना गोळी देऊन थकवा वगैरे तक्रारींत फरक पडला नाही. उलट डोस जास्त झाला तर हृदयाचे ठोके बिघडतात, हाडं ठिसूळ होतात. बाळाचा विचार असेल किंवा दिवस गेले असतील तर मात्र हिशेब वेगळा, तिथे डॉक्टर लवकर गोळी सुरू करतात.

माझा दुसरा टीएसएच ५.९ आला, फ्री टी-फोर नॉर्मल, अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह. म्हणजे ग्रंथी पुढे आणखी मंदावण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त. इंग्लंडमधल्या व्हिकहॅमच्या वीस वर्षांच्या पाहणीत अशा बायकांमध्ये हे प्रमाण वर्षाला चार टक्क्यांच्या आसपास होतं. मला तूर्तास गोळी नाही. ठरावीक अंतराने टीएसएच आणि सोबत कोलेस्टेरॉल बघायचं.

रक्त द्यायला पुन्हा यांनाच बोलावीन, तो मुलगा खरंच चांगला होता. फक्त पॅकेज घेणार नाही, चिठ्ठीवर असतील त्याच तपासण्या सुट्या सांगीन. आणि तो फोन नंबर ब्लॉक केलाय.