बँकॉकचा ‘सरकारी सेल’ आणि आमचा ७१ हजारांचा नीलम

यंदा सुट्टीत बँकॉकला निघालेली चार कुटुंबं एकट्या आमच्या पेठेत मला माहीत आहेत. चार रात्रींची स्वस्त सहल, देवळं-राजवाडा बघायचा, एक दिवस आउटलेटमध्ये खरेदी, की परत. जरूर जा, शहर बघण्यासारखं आहे. पण आमचं तिथं काय झालं ते वाचून जा. मी ही गोष्ट लाजेपोटी बरेच दिवस घराबाहेर काढली नव्हती. गप्प बसून फसवणाऱ्यांचंच फावतं, हे उशिरा कळलं.

नोव्हेंबर २०२४मध्ये आम्ही गेलो. मी, आमची ही, मेव्हणा आणि त्याची बायको. सोलापूरहून सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं मुंबई, तिथून विमान. सोबत शेंगाचटणी आणि कडक भाकरी. तेव्हा भारतीयांना व्हिसा लागत नव्हता, त्यामुळं सगळं सोपं वाटलं. पहिले दोन दिवस छान गेले. वाट फो देवळातला पहुडलेला बुद्ध ४६ मीटर लांब आहे. त्याच्या तळपायांवर शिंपल्याचं जडावकाम आहे, ते बघत ही कितीतरी वेळ उभी होती. ग्रँड पॅलेस मात्र उशीर झाल्यामुळं राहून गेला. म्हणून तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तिकडं गेलो.

राजवाड्याची भिंत लांबच लांब आहे. आम्ही भिंतीकडेनं दार शोधत चाललो होतो, तेवढ्यात इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला, पन्नाशीचा एक माणूस समोर आला. गळ्यात ओळखपत्र, अगदी शाळामास्तरांसारखा. म्हणाला, “आज सकाळी भिक्षूंची पूजा आहे, पॅलेस दोन वाजता उघडेल. तोवर जवळची देवळं बघा. आज सरकारी टुकटुक वीस बाथमध्ये सगळीकडं फिरवतात.” आमच्या हातातल्या नकाशावर त्यानं पेनानं तीन ठिपके काढून दिले. टुकटुक म्हणजे तिथली रिक्षा, आणि वीस बाथ म्हणजे तेव्हाचे पन्नास रुपये. चार माणसांना पन्नास रुपयांत कोण फिरवतं, हा प्रश्न तेव्हाच पडायला हवा होता.

पहिला ठिपका एका लहान देवळाचा. तिथं पायरीवर सुटाबुटातला एक माणूस बसला होता. सिंगापूरचा वकील आहे म्हणाला. गप्पा मारताना त्यानं सहज सांगितलं की, आज सरकारी रत्नविक्रीचा शेवटचा दिवस आहे, परदेशी लोकांना कर माफ आहे, आणि आपण दरवर्षी दोन नीलम नेऊन दुप्पट भावानं विकतो. त्यानं आम्हाला ‘जा’ असं एकदाही म्हटलं नाही, आणि म्हणूनच तो खरा वाटला. दुसरा ठिपका त्या दुकानाचाच होता. भिंतीपाशी भेटलेला माणूस, वकील आणि रिक्षावाला एकमेकांना ओळखत असतील, हे मनातसुद्धा आलं नाही.

आता घरची गोष्ट सांगतो, नाहीतर मी एवढा कसा वाहवलो ते कळणार नाही. मुलाची रास कुंभ, साडेसाती सुरू, दोन वर्षं नोकरीत काही ना काही अडचण. आमच्या गुरुजींनी नीलम सुचवला होता, पण इथला भाव ऐकून आम्ही थांबलो होतो. दुकानात बाईंनी मखमलीवर तो निळा खडा ठेवला आणि हिनं माझ्याकडं बघितलं. भाव ४२,००० बाथ. ‘सरकारी सूट’ धरून २८,०००. बाईंनी काचेच्या तुकड्यावर खडा ओढून ओरखडा दाखवला, “नकली असता तर काच कापली नसती.” शिक्का मारलेला कागदही दिला, खड्याचं नाव, वजन आणि पुढं ‘कोरंडम’, म्हणजे नीलम ज्या खनिजाचा असतो त्याचं नाव. मी कार्ड दिलं. बँकेचे चार्जेस धरून ७१ हजार गेले. बाकी खरेदीला ठेवलेलं जवळजवळ सगळं त्यात संपलं.

दुसऱ्या दिवशी विमानतळाजवळच्या आउटलेटमध्ये गेलो. मी टॉवेल-चादरीच्या धंद्यात तीस वर्षं आहे. शर्ट हातात घेतला की आधी उलटा करतो, शिवण बघतो, सूत चिमटीत चोळून बघतो. तिथंही तेच केलं, चार शर्ट बाजूला ठेवले, दोन घेतले. २,००० बाथच्या वर खरेदी झाली म्हणून काउंटरवरच्या मुलीनं स्वतःहून पासपोर्ट मागितला आणि व्हॅट परतीचा फॉर्म भरून दिला. थायलंडमध्ये ७ टक्के व्हॅट असतो, पर्यटकाला तो विमानतळावर परत मिळू शकतो, आणि हा फॉर्म नोंदणी असलेलं दुकानच देऊ शकतं. तिथं उभ्या उभ्या मला आठवलं, आदल्या दिवशी त्या बाईंनी ‘सरकारी सेल आहे, फॉर्मची गरज नाही’ म्हणून विषय टाळला होता. साध्या शर्टाची शिवण तपासणारा मी, ७१ हजारांच्या खड्याला एक प्रश्न विचारला नव्हता. पोटात गोळा आला. हिला मात्र काही बोललो नाही.

सोलापुरात आल्यावर अंगठी करायला सराफांकडं गेलो. त्यांच्याकडं रत्नपरीक्षा शिकलेला मुलगा आहे. त्यानं पांढऱ्या कागदावर काचेची वाटी ठेवली, पाणी ओतलं, खडा सोडला आणि माझ्या हातात भिंग दिलं. “काका, रंगाच्या रेघा बघा.” निळ्या रंगात बारीक बारीक रेघा होत्या, सगळ्या एकीकडं वळलेल्या, धनुकलीसारख्या. खाणीतल्या नीलमातल्या रेघा सरळ किंवा कोनात असतात. अशा वळणदार रेघा भट्टीत वितळवून केलेल्या खड्यात येतात. ही पद्धत शंभर वर्षांहून जुनी आहे, एका फ्रेंच शास्त्रज्ञाची. असा खडा काही शे रुपयांत मिळतो. पुढं लॅबचा अहवालही तोच आला, ‘सिंथेटिक’, म्हणजे कृत्रिम.

त्या मुलानं सांगितलेलं नीट लक्षात ठेवा. कृत्रिम नीलमसुद्धा कोरंडमच असतो आणि तितकाच कठीण असतो, त्यामुळं तोही काच कापतो. म्हणजे दुकानातली परीक्षा काहीच सिद्ध करत नव्हती, आणि कागदावरचा ‘कोरंडम’ शब्द खोटाही नव्हता. फक्त ‘नॅचरल’ हा शब्द त्या कागदावर कुठंच नव्हता. खडा घ्यायचाच असेल तर तो शब्द बघा, आणि पैसे देण्याआधी दुकानाबाहेरच्या लॅबमधून तपासा. थायलंड सरकारची रत्नं तपासणारी संस्था बँकॉकमध्येच सिलोम रस्त्यावर आहे.

बँकेनं हात वर केले. कार्ड मी दिलं, पिन मी टाकला. फसवणुकीनंतर लगेच सुमारे २७०० किलोमीटर दूर असलेल्या घरी न येता तिथंच टूरिस्ट पोलिसांना ११५५वर फोन केला असता, तर कदाचित काही झालं असतं. पण मला त्या दिवशी हा नंबरच माहीत नव्हता. तुम्ही आत्ताच फोनमध्ये ठेवा.

आणि पॅलेस त्या दिवशी उघडाच होता. दुपारी गेलो तेव्हा आतून येणाऱ्यांना विचारलं, ते सकाळी साडेआठपासून आत होते. दारापाशी कर्ण्यावरून सूचना चालली होती, पॅलेस रोज उघडा असतो, बाहेरच्या अनोळखी लोकांवर विश्वास ठेवू नका. सकाळी आम्ही दारापर्यंत पोहोचलोच नव्हतो. बंद आहे असं कुणी म्हणालं तर मान हलवून पुढं चालायचं आणि तिकीट खिडकीवर विचारायचं. आतल्या बुद्धाला सगळे ‘पाचूचा बुद्ध’ म्हणतात. खरं म्हणजे मूर्ती पाचूची नाही, दुसऱ्या हिरव्या दगडाची आहे. पण तिथं ते कुणी लपवत नाही, आणि मूर्तीसमोर बसल्यावर त्यानं काही फरकही पडला नाही.

आणखी एक, मे २०२५पासून थायलंडला जाण्याआधी टीडीएसी नावाचा ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो. तो फुकट आहे. पैसे मागणारी साइट उघडली तर बंद करा.

तो खडा मी दुकानाच्या गल्ल्यात ठेवलाय, भिंग आणि काचेची वाटी पण. बँकॉकला निघालेल्या कुणीही जाण्याआधी दुकानात यावं. पाण्यात सोडून दाखवतो. दोन मिनिटं लागतात, त्या वळलेल्या रेघा स्वतःच्या डोळ्यांनी बघून जा.