कॅरिओटाइप टेस्ट आणि जेनेटिक काउन्सेलिंग : लॅबला २ स्टार, मॅडमना ५

लेक १२ वर्षांची, वर्गात सगळ्यात बुटकी, आम्ही आपलं म्हणायचो आजीवर गेलीय. शेवटी डॉक्टरांनी कॅरिओटाइप करायला सांगितली. रक्तातल्या पेशी आधी तीनेक दिवस वाढवतात मग क्रोमोसोम (गुणसूत्रं) मोजतात, त्यामुळे वेळ लागणार हे ठीक, पण १० दिवस सांगून २१ लावले आणि रिपोर्ट डायरेक्ट व्हॉट्सॲपवर, '४५,एक्स' एवढंच, ती रात्र कशी काढली ते आमचं आम्हाला माहिती.

काउन्सेलर मॅडम मात्र सोनं. कागदावर क्रोमोसोमच्या जोड्या काढून दाखवल्या, तेविसाव्या जोडीत एकच एक्स आहे, याला टर्नर सिंड्रोम म्हणतात, साधारण २००० ते २५०० मुलींमागे एकीला असतो, आईबापाचं काही चुकलेलं नसतं. सासूबाईंनी विचारलंच, "पण ती मुलगीच ना हो?" तर मॅडम अजिबात न हसता, "आजी, शंभर टक्के मुलगी." तिथे मी रडले. हार्टची इको, किडनीची सोनोग्राफी लिहून दिली आणि ग्रोथ हार्मोनसाठी एन्डोक्रायनॉलॉजिस्टकडे (हार्मोनच्या डॉक्टरांकडे) पाठवलं.

पार्किंग नाही, रिक्षानेच जा.