अल्बियन ऑनलाइनमध्ये माल बनवून विकण्यासाठी आठ महिने वापरलेली हिशेबाची शीट: माझा अनुभव

अल्बियन ऑनलाइन या इंटरनेटवरच्या खेळात आमच्या गिल्डमधल्या, म्हणजे खेळाडूंच्या गटातल्या, अमरावतीच्या एका मित्राने दिवाळीनंतर मला त्याची गूगल शीट दिली. मूळ शीट त्याची. तिच्यातले निम्मे रकाने मी आठ महिन्यांत पुन्हा बांधले, तरी पाया त्याचाच आहे. मी खेळतो अल्बियनच्या आशिया सर्व्हरवर, जो मार्च २०२३ मध्ये ईस्ट या नावाने सुरू झाला. धनुष्यं आणि थैल्या बनवून विकतो. लढाईत मला फारसा रस नाही. बाजार बघण्यात, माल कुठे स्वस्त पडतो आणि कुठे खपतो हे शोधण्यात मी रमतो.

शीट यायच्या आधी माझा हिशेब सरळ होता. लाकूड मी स्वतः तोडायचो, फळ्या स्वतः बनवायचो, धनुष्य विकलं की आलेली चांदी (खेळातलं चलन) सगळी नफा. हे मी एकदा मामाला सांगितलं. मामा काटोलकडचे, संत्र्याची बाग आहे, माल कळमन्याच्या बाजारात आणतात. ते म्हणाले, "घरची लाकडं फुकटची असते का बे? तेच लाकूड तसंच इकलं असतं तर पैसे भेटले असते का नाही?" मग त्यांनी गाडीभाडं, हमाली, तोलाई आणि वाटेतली घट बोटांवर मोजून दाखवली. "भाव किती लागला ते सांगू नको, हातात किती आले ते सांग." शीटमधला शेवटचा रकाना मी तेव्हापासून 'हातात' याच नावाने ठेवला आहे.

आता प्रत्यक्ष हिशेब. गोल आकडे घेतो म्हणजे समजायला सोपं जाईल. चौथ्या टियरच्या (दर्जाच्या) साध्या धनुष्याला ३२ फळ्या लागतात. फळी २०० चांदीला मिळाली तर माल ६,४०० चा. पण बनवताना मालाचा काही भाग परत मिळतो. शहरात हा परतावा साधारण १५.२ टक्के असतो. ज्या शहराला त्या वस्तूचा बोनस आहे तिथे २४.८ टक्के. धनुष्यासाठी ते शहर लिमहर्स्ट. म्हणजे लिमहर्स्टला माल पडतो ४,८१३ ला. वर ज्या दुकानात बनवतो त्याचं भाडं. ते वस्तूच्या मूल्यावरून निघतं: या धनुष्याचं मूल्य ५१२, त्याला ०.११२५ ने गुणलं की ५७.६, आणि दर शंभराला ५०० असेल तर २८८ चांदी. एकूण ५,१०१. धनुष्य ५,९०० ला विकलं तर प्रीमियम (सशुल्क सदस्यत्व) असलेल्याला ४ टक्के कर आणि बाजारात विक्रीची ऑर्डर लावायचे २.५ टक्के जातात. हातात ५,५१६ येतात. नफा ४१५.

हेच धनुष्य बोनस नसलेल्या शहरात बनवलं तर माल ५,४२७, भाडं तेवढंच, आणि प्रत्येक धनुष्यामागे १९९ चा तोटा. मी थेटफर्डला राहून तीन आठवडे नेमका हाच तोटा करत होतो, कारण तिथे माझं सामान ठेवलेलं होतं आणि उचलून न्यायचा कंटाळा. शीटने पहिल्याच दिवशी तो रकाना लाल केला.

शीटवर सगळ्यात जास्त वेळ मी याच परताव्यावर घालवला, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. मित्राच्या मूळ शीटमध्ये १५.२ मध्ये शहराच्या बोनसचे १५ मिळवून ३०.२ टक्के धरलेले होते. दिसायला बरोबर वाटतं. प्रत्यक्षात बेरीज बोनसांची होते, परताव्याची होत नाही. शहराचा मूळ बोनस १८. म्हणजे १०० फळ्यांत ११८ फळ्यांचं काम होतं. १०० भागिले ११८ केलं की ०.८४७ येतं, आणि उरलेले साधारण १५.२ टक्के हा परतावा. लिमहर्स्टला १८ अधिक १५, म्हणजे १३३ फळ्यांचं काम. परतावा २४.८. फोकस (रोज ठरावीक मिळणारे खेळातले गुण) वापरला तर आणखी ५९ मिळतात, म्हणजे १९२ फळ्यांचं काम आणि ४७.९ टक्के. चुकीच्या ३०.२ ने धनुष्य शीटवर ३४६ चांदी स्वस्त दिसत होतं, आणि माझा खरा नफाच ४१५ होता. मित्राला मी हे रात्री साडेअकराला फोन करून सांगितलं. त्याने तिथल्या तिथे स्वतःची शीट दुरुस्त केली.

लाकडाची फळी बनवायलाही हेच गणित. तिथे बोनसचं शहर फोर्ट स्टर्लिंग, आणि बोनस ४० चा आहे. १०० च्या मालात १५८ चं काम, ३६.७ टक्के परतावा, फोकससह ५३.९. फोकस रोज १०,००० मिळतो आणि ३०,००० च्या पुढे साठत नाही. म्हणून शीटमध्ये मी 'एका फोकसमागे किती चांदी' असा रकाना टाकला आणि निवड त्यावरूनच करतो. पूर्वी सगळा फोकस धनुष्यावर जायचा. आता बहुतेक दिवस तो फळ्यांवर जातो.

भाव आणायची सोय ही शीटची सोय आणि अडचण दोन्ही. अल्बियन डेटा प्रोजेक्ट नावाचा खेळाडूंनी चालवलेला उपक्रम आहे. ज्यांच्या संगणकावर त्यांचं छोटं सॉफ्टवेअर चालू असतं त्यांनी खेळात बाजार उघडला की ते भाव तिथे जमा होतात. माझी शीट एका स्क्रिप्टने तिथून उचलते. म्हणजे ज्या वस्तूचा बाजार कुणी उघडलाच नाही तिचा भाव जुना असतो किंवा शून्य येतो. जानेवारीत सहाव्या टियरच्या कापडाचा भाव शून्य आला, माझ्या सूत्राने कापड फुकट धरलं आणि थैली सोन्यासारखी दिसली. थैलीला ८ कापड आणि ८ चामडं लागतं, त्यातला निम्मा खर्चच गायब. मी ४० थैल्या बनवल्यावर लक्षात आलं. आता शून्य आलं की ओळ राखाडी होते आणि नफा दिसतच नाही. भाव किती तास जुना आहे तेही दाखवतो. ती वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) येते, आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे. हे सुरुवातीला न जोडल्यामुळे मी ताजे भाव शिळे समजून सोडून देत होतो.

केर्लिऑन शहरातला ब्लॅक मार्केट हा वेगळा विषय. तिथे विकलेला माल पुढे राक्षसांना मारल्यावर खेळाडूंना सापडतो, आणि भाव बरेचदा शहरांपेक्षा चांगला असतो. पण वाट लाल क्षेत्रातून जाते, जिथे दुसरे खेळाडू मारून लुटू शकतात. मेलात तर सगळा माल गेला. पहिल्या १२ खेपांमध्ये एकदा मला लुटलं, तेव्हा मामाचा 'घट' शब्द आठवला. आता केर्लिऑनच्या मालावर ८ टक्के घट आधीच वजा होते. त्यामुळे जवळपास निम्म्या वस्तू तिथे नेण्याजोग्या राहिल्या नाहीत, आणि हा हिशेब मला पटतो.

एक गोष्ट शीट सांगत नाही: माल किती दिवसांत खपेल. सर्वात जास्त नफ्याची ओळ पाहून मी महागड्या धनुष्यांचे १० नग लावले. तीन आठवडे पडून राहिले, चांदी अडकली. तेव्हापासून रोज किती नग विकले जातात ते मी हाताने लिहितो आणि नफ्याला दिवसांनी भागतो. फ्लेचरच्या जर्नलचा (खेळातल्या एका वहीचा) भावही हातानेच भरतो. धनुष्य बनवताना ती जर्नल भरत जातात आणि रिकाम्या-भरलेल्या किमतीतला फरक धनुष्याच्या नफ्यात धरावा लागतो. हे दोन्ही भरायला रोज खापरी ते सीताबर्डी मेट्रोचा प्रवास पुरतो. फोनवर खेळ आणि शीट एकमेकांत अदलाबदल करत बघणं मात्र त्रासाचं आहे. मोठे बदल मी लॅपटॉपवरच करतो.

नवीन कुणाला शीट द्यायची तर मी आधी त्याला एक वस्तू कागदावर मांडायला लावतो. तयार शीट घेऊन बसलेल्या आमच्या गिल्डमधल्या दोघांना चुकीचा कर लागत होता, कारण त्यांचं प्रीमियम संपलेलं होतं. ४ ऐवजी ८ टक्के. वरच्या उदाहरणात ४१५ चा नफा त्याने १७९ वर येतो.

लाकूड मी अजूनही तोडतो. रविवारी दुपारी कूलर लावून दोन तास, कारण ते आवडतं. तोडलेलं लाकूड वेगळ्या पानावर त्या दिवशीच्या बाजारभावाने विकल्यासारखं नोंदवतो, आणि फळ्यांच्या पानावर त्याच भावाने विकत घेतल्यासारखं.